फोटोत इंग्रज, कागदावर अमेरिकन: इंदूरच्या यशवंतराव होळकरांची मोटार आणि त्यांचं आयुष्य

स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी पांढुर्णा-सौसरकडची पोरं इंदूरला जातात, तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्यांना ‘एमवाय’ माहीत होतं. ऑटोवाला म्हणतो एमवायला सोडतो, बसवाला म्हणतो एमवायला उतरा. एमवाय म्हणजे महाराजा यशवंतराव हॉस्पिटल. पण हे यशवंतराव कोण, असं विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर येतं: इंग्रजांशी लढले ते. ते उत्तर चुकीचं आहे. १८०४-०५ मध्ये इंग्रजांना घाम फोडणारे ते पहिले यशवंतराव, त्यांचा मृत्यू १८११ चा. हॉस्पिटलला नाव आहे ते दुसऱ्या यशवंतरावांचं. इंदूरचे शेवटचे सत्ताधारी होळकर. जन्म ६ सप्टेंबर १९०८, मृत्यू ५ डिसेंबर १९६१.

या दुसऱ्या यशवंतरावांची ओळख आज मोबाइलवर फिरणाऱ्या दोन-तीन फोटोंपुरती राहिली आहे. एका फोटोत लांबसडक बोटांचा, सडपातळ, सुटाबुटातला तरुण राजा आणि त्याची तेवढीच तरुण राणी. दुसऱ्या फोटोत एक भलीमोठी, लांब नाकाची, उघडी मोटार. जुन्या गाड्यांचा थोडाफार नाद असलेला माणूसही ती पाहून पटकन म्हणतो, इंग्रजी स्पोर्ट्स कार आहे, बेंटली असेल. उजव्या हाताला स्टिअरिंग, मडगार्डची वाहती रेघ, मागे होडीसारखी निमुळती होत गेलेली बॉडी. सगळं विलायती. तरी गाडी बेंटली नाही. आणि गंमत म्हणजे, इंग्रजी म्हणणारा पूर्णपणे चुकतोही असं नाही.

गाडीकडे येऊच. आधी माणूस.

यशवंतरावांचे वडील तुकोजीराव तिसरे. यशवंतराव विलायतेत शिकत होते तेव्हा घरात मोठं वादळ झालं. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. बावलांच्या मोटारीत मुमताज बेगम होती. ती आधी इंदूर दरबारची नर्तकी, तिथून निघून आलेली. हल्लेखोरांनी आपली मोटार बावलांच्या मोटारीवर घातली आणि मुमताजला पळवून न्यायचा प्रयत्न केला. योगायोगाने तिथून जाणारे इंग्रज लष्करी अधिकारी मधे पडले म्हणून ती वाचली. धागेदोरे इंदूरपर्यंत गेले. सरकारने महाराजांपुढे दोन पर्याय ठेवले: चौकशीला सामोरं जा किंवा गादी सोडा. तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली.

म्हणजे सतराव्या वर्षी मुलगा महाराज झाला, तोही बापाच्या बदनामीमुळे. ही गोष्ट पुढचं सगळं वाचताना विसरू नये. इंदूरहून दूर राहण्याची, सगळं नवं हवं असण्याची त्यांची ओढ कुठून आली असेल, याचं थोडंफार उत्तर यात असावं.

शिक्षण इंग्लंडमध्ये चीम आणि चार्टरहाउस या शाळांत, मग ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात. लग्न १९२४ मध्येच झालेलं, कोल्हापूरकडच्या कागलच्या धाकट्या पातीच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताराजेंशी. हे लग्न साधं नव्हतं. मराठा आणि धनगर घराण्यांमधला हा आंतरजातीय संबंध राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने जुळलेला. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, लग्न त्यांच्यामागे लागलं. नवरा पंधरा-सोळा वर्षांचा, नवरी दहाएक वर्षांची. त्या काळी राजघराण्यांत असंच चालायचं.

काही वर्षांनी हेच जोडपं युरोपात दिसायला लागलं. अमेरिकन फोटोग्राफर मान रे याने दोघांचे फोटो काढले. बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन मोठी चित्रं केली. एकात ते काळ्या इव्हनिंग ड्रेसमध्ये, अंगावर काळा झगा. दुसऱ्यात पांढऱ्या मराठी पोशाखात, डोक्यावर पगडी, पांढऱ्या गादीवर बसलेले. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर माणूस एकच आहे हे मुद्दाम सांगावं लागतं.

ऑक्सफर्डच्या दिवसांतच त्यांची गाठ एकार्ट मुथेझियस या जर्मन वास्तुविशारदाशी पडली. मुथेझियस १९०४ चा, म्हणजे दोघंही पंचविशीच्या आसपासचे. त्याच्यावर विसंबून यशवंतरावांनी इंदूरला राजवाडा बांधायला काढला: माणिकबाग. १९३० ला काम सुरू झालं आणि तीनेक वर्षांत इंदूरच्या उन्हात युरोपातल्या नामवंत घरांनाही मागे टाकेल असं घर उभं राहिलं. घुमट नाही, महिरपी नाहीत, झुंबरं नाहीत. सरळ रेषा, काच, धातू, रंगीत भिंती, थंड हवेची यंत्रणा. फर्निचर रुलमान, ल कोर्ब्युझिए, आयलीन ग्रे यांच्या हातचं, गालिचे इव्हान दा सिल्वा ब्रून्सचे. त्या नावांनी आपल्याकडे काही कळणार नाही, पण ती आज जगातल्या संग्रहालयांत मानाने मांडलेली नावं आहेत. आणि ही खरेदी झाली तेव्हा ती माणसं हयात होती, नवी होती, काही तर वादग्रस्त होती. जुनं विकत घ्यायला पैसा पुरतो, नवं ओळखायला नजर लागते. ती या पोराकडे होती, एवढं त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करावं.

आता मोटार.

नागपूर-बैतूल हायवेवर आपल्याकडे नेहमी दिसणारी एक गोष्ट आठवा. नुसती ट्रकची चॅसी, पुढे इंजिन, वर पत्रा नाही, केबिन नाही, आणि ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून ती हाकत चाललाय. कंपनी चॅसी देते, बॉडी दुसरीकडे बांधून घ्यायची. ट्रकच्या धंद्यात ही रीत अजून आहे. १९३० च्या दशकापर्यंत श्रीमंतांच्या मोटारींतही हीच रीत होती. बेंटली, रोल्स-रॉइस, हिस्पानो-सुइझा या कंपन्या चॅसी, इंजिन आणि रेडिएटर द्यायच्या. मग ती चॅसी गिऱ्हाइकाच्या पसंतीच्या बॉडीवाल्याकडे जायची आणि तिथे सुतार, पत्र्याचे कारागीर, कातडीवाले मिळून अंगाला माप घेऊन शिवलेल्या कोटासारखी बॉडी करायचे. त्यामुळे त्या काळातल्या प्रत्येक भारी गाडीला दोन नावं असतात, एक चॅसीचं आणि एक बॉडीचं. फोटो पाहून एकच नाव सांगणारा माणूस अर्धंच सांगत असतो.

यशवंतरावांच्या त्या गाडीची चॅसी आहे ड्यूसेनबर्गची. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातली कंपनी, फ्रेड आणि ऑगस्ट या ड्यूसेनबर्ग बंधूंच्या नावाची. त्यांचं ‘जे’ मॉडेल डिसेंबर १९२८ मध्ये बाजारात आलं. आठ सिलिंडर एका ओळीत, जवळपास सात लिटरचं इंजिन, कंपनीच्या म्हणण्यानुसार २६५ हॉर्सपॉवर. पुढे सुपरचार्जर बसवलेलं ‘एसजे’ आलं, ते ३२० हॉर्सपॉवरचं. नुसती चॅसी सुरुवातीला साडेआठ हजार डॉलरला. त्याच सुमाराला फोर्डची आख्खी गाडी पाचशे डॉलरच्या आसपास येत होती, म्हणजे हिशेब करा. आणि वेळ बघा: मॉडेल आलं आणि वर्षभराच्या आत अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. गिऱ्हाईक आटलं. ‘जे’ आणि ‘एसजे’ मिळून पाचशेही गाड्या झाल्या नाहीत आणि १९३७ मध्ये कारखाना बंद पडला. यशवंतरावांची गाडी १९३६ ची, म्हणजे कंपनीच्या शेवटच्या दिवसांतली. चॅसीही लांब मापाची. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यात जवळजवळ चार मीटरचं अंतर, आणि एवढ्या लांबीवर बसायची जागा मात्र जेमतेम. दोघांसाठी एवढं लोखंड.

ही चॅसी इंडियानापोलिसहून थेट इंदूरला आली नाही. ती लंडनला गेली, चेल्सी भागातल्या जे. गर्नी नटिंग यांच्या कारखान्यात. तिथे तिच्यावर ती होडीसारखी बॉडी चढली, नारिंगी आणि काळ्या रंगात. स्टिअरिंग हिंदुस्थानासाठी म्हणून उजव्या बाजूला. समोर रंगीत दिवे, गाडीत कोण बसलंय हे लांबूनच कळावं म्हणून. हिस्पानो-सुइझा या फ्रेंच कंपनीच्या चॅसीवरही यशवंतरावांनी याच गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली होती. शिंपी एकच, कापड कधी फ्रान्सचं, कधी अमेरिकेचं. म्हणून फोटो पाहणाऱ्याला गाडी इंग्रजी वाटते. डोळ्यांना दिसतो तो शिंपी.

गर्नी नटिंग हे त्या काळचं मोठं नाव. माल्कम कॅम्पबेलची विक्रम करणारी ‘ब्लू बर्ड’ १९३१ मध्ये नव्याने घडली, तिची बॉडी त्यांचीच. आणि फोटोवरून, चित्रावरून गाडी ओळखताना जगाने केलेली एक गाजलेली गल्लतही त्यांच्याच एका गाडीबद्दल आहे. मार्च १९३० मध्ये बेंटली कंपनीचे अध्यक्ष वूल्फ बार्नाटो यांनी फ्रान्समध्ये ‘ब्लू ट्रेन’ नावाच्या आगगाडीशी शर्यत लावली. कानहून सुटलेली गाडी कॅलेला पोचायच्या आत आपण लंडनला पोचू, अशी पैज होती. ते जिंकले. त्यानंतर कित्येक वर्षं सगळे समजत होते की ही शर्यत गर्नी नटिंगच्या बॉडीच्या, उतरत्या छपराच्या देखण्या बेंटली स्पीड सिक्सने जिंकली. टेरेन्स क्युनिओ या चित्रकाराने आगगाडीला मागे टाकणारी तीच गाडी रंगवली, चित्र जगभर गेलं. मग कोणीतरी कागद काढले. ती गाडी कारखान्यातून बार्नाटोंच्या हाती आली होती मे महिन्यात. शर्यत मार्चमधली. शर्यतीत पळाली ती एच. जे. मलिनर यांच्या बॉडीची साधी, चौकोनी दिसणारी बेंटली. देखण्या गाडीला ‘ब्लू ट्रेन’ हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

हे सगळं इथे सांगण्याचं कारण असं की जुने फोटो आपल्याकडेही आहेत. पांढुर्णा, सौसर, मोहगाव, लोधीखेडा या पट्ट्यात जुन्या मालगुजारांच्या, संत्र्याच्या आणि कापसाच्या व्यापाऱ्यांच्या, मध्यप्रांताच्या काळात नागपूरला नोकरी केलेल्यांच्या घरांतून पिवळे पडलेले फोटो निघतात. लग्नात नवरदेव मोटारीत बसलेला, किंवा एखादा साहेब पाय मडगार्डवर ठेवून उभा. आणि मग घरात वाद: ऑस्टिन की मॉरिस, फोर्ड की एमजी. तेव्हा थोडं कामाचं.

सर्वात आधी रेडिएटर. बॉडी बदलते, रंग बदलतो, पण समोरची जाळी आणि तिच्या माथ्यावरचं चिन्ह सहसा चॅसीवाल्या कंपनीचंच असतं. एमजीचा अष्टकोन धूसर फोटोतही ओळखू येतो, बेंटलीचा पंखातला ‘बी’ही. मग चाकं. पातळ, उंच, तारेच्या आऱ्यांची चाकं, दोन माणसांची जागा आणि पाठीवर स्टेपनी लावलेली एमजी असेल तर ती बहुधा ‘टीसी’, १९४५ ते १९४९ मधली. अशा सुमारे दहा हजार झाल्या. तशाच बांध्याची गाडी, पण चाकं लहान आणि पत्र्याची असतील तर ती त्यानंतरची ‘टीडी’. हेडलाइट मडगार्डमध्ये शिरलेले असले तर ‘टीएफ’, १९५३ नंतरची. ड्यूसेनबर्ग समोरून पाहिली तर तिचा दुहेरी पट्ट्यांचा बंपर मधोमध असा वळतो की गळ्यातल्या बो-टायची आठवण यावी. बॉनेटच्या कुशीतून बाहेर येणाऱ्या चकचकीत नळ्या ही सुपरचार्जरची खूण म्हणून सांगतात, पण त्यावर विसंबू नये. तशा नळ्या मर्सिडीजलाही असत आणि सुपरचार्जर नसलेल्या ड्यूसेनबर्गवरही हौसेने लावून मिळत.

दोन गोष्टी हमखास फसवतात. एक म्हणजे उलटा छापलेला फोटो. निगेटिव्ह पालथी पडली की उजवीकडचं स्टिअरिंग डावीकडे जातं आणि इंग्रजी गाडी अमेरिकन होते. म्हणून आधी नंबर प्लेट किंवा मागच्या दुकानाची पाटी सरळ वाचता येते का ते बघावं. तेही नसेल तर पुरुषाच्या कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते बघावं. दुसरी गोष्ट रंग. जुन्या काळातली बरीच फिल्म लाल प्रकाश धरत नसे. त्यामुळे लाल आणि नारिंगी रंग फोटोत काळपट उतरायचे, निळा मात्र फिकट, जवळजवळ पांढरा. आपल्या संत्र्याच्या रंगाची गाडी अशा फिल्मवर काळीच दिसणार. फोटोवरून काळी म्हटलेली कित्येक वाहनं मुळात कुठल्या रंगाची होती, हे ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक.

यशवंतरावांकडे परत येऊ, कारण १९३६ ची ती गाडी घरात आली आणि वर्षभरात घरच विस्कटलं.

जुलै १९३७ मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय बावीस-तेवीस. मागे १९३३ मध्ये जन्मलेली मुलगी उषा. दोघांनी मिळून शिल्पकार ब्रांकुशीकडून ‘बर्ड इन स्पेस’ची तीन शिल्पं घेतली होती, एक पितळी, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराची. त्या शिल्पांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं होतं आणि ब्रांकुशी स्वतः त्या कामासाठी हिंदुस्थानात आला. तो आला तोवर राणी गेलेल्या होत्या. राजाचं मन त्यात उरलं नव्हतं. मंदिराचा एक दगडही रचला गेला नाही, ब्रांकुशी परत गेला. एवढा मोठा कलाकार इंदूरपर्यंत येऊन रिकाम्या हाती गेला, ही मध्य हिंदुस्थानच्या इतिहासातली फार मोठी हुकलेली गोष्ट. ते मंदिर उभं राहिलं असतं तर आज इंदूरला राजवाडा, सराफा आणि पोह्यांच्या पलीकडे जगभरातून माणसं आली असती.

पुढे १९३८ मध्ये मार्गरेट लॉलर या अमेरिकन बाईंशी दुसरं लग्न, १९४३ मध्ये घटस्फोट, त्याच वर्षी युफेमिया क्रेन यांच्याशी तिसरं, त्याही अमेरिकन. १९४४ मध्ये मुलगा रिचर्ड. महाराजांचा मुक्काम अनेकदा कॅलिफोर्नियात. इंदूरची प्रजा महाराजांना फोटोतच जास्त पाहत होती, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

मग राज्य चालवत कोण होतं? बराच काळ सर सिरेमल बापना. १९२६ ते १९३९ ते इंदूरचे प्रधानमंत्री होते आणि कारभाराचा गाडा त्यांनी ओढला. यशवंतरावांना स्वतःला पूर्ण अधिकार मिळाले ते १९३० मध्ये. त्यांच्या नावावर जे जमा होतं ते मात्र कमी नाही. १९३८ मध्ये संस्थानातली मंदिरं हरिजनांना खुली करण्याचा जाहीरनामा निघाला. तेव्हा अशा गोष्टीसाठी देशभर सत्याग्रह चालू होते आणि कित्येक ठिकाणी डोकी फुटत होती. इंदूरला पाणी देणारं यशवंत सागर धरण त्यांच्याच काळातलं. आणि मे १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहिलं: हिंदुस्थान आणि ब्रिटन यांच्यातला प्रश्न अमेरिका, रशिया आणि चीन यांनी मध्यस्थी करून सोडवावा. क्रिप्स योजना नुकतीच फसली होती, ‘भारत छोडो’ला अजून तीन महिने होते. इंग्रजांच्या मर्जीवर गादी टिकून असलेल्या, आणि त्याच मर्जीपुढे बापाची गादी गेलेली पाहिलेल्या माणसाने हे करणं सोपं नव्हतं. त्यांच्यावर लिहिणारे माणिकबागेतल्या खुर्च्यांवर पानं भरतात आणि या पत्राला दोन ओळी देतात.

क्रिकेटचं सांगायलाच हवं, कारण तो धागा आपल्या नागपूरचा आहे. सी. के. नायडू जन्मले नागपुरात. त्यांना तुकोजीरावांनी १९२३ मध्ये इंदूरला नेलं, आणि यशवंतरावांच्या काळात त्यांच्याच नेतृत्वाखाली होळकर संघ देशातला सर्वात धाकाचा संघ झाला. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक इंदूरला आला. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला, नाबाद २४९ केल्या, तरी मुंबईकडून हरले. पुढच्याच मोसमात म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२, एका डावात सहा जणांची शतकं. मुश्ताक अली इंदूरचेच. या संघावर झालेला खर्च आणि एका मोटारीवर झालेला खर्च शेजारी मांडून पाहिला तर लोकांच्या आठवणीत कुठला पैसा वसूल झाला हे कळतं. कारण आजही मध्य प्रदेशात क्रिकेटचा विषय निघाला की होळकर हे नाव निघतं.

१९४७ मध्ये मात्र त्यांचं पाऊल अडखळलं. भोपाळचे नवाब भारतात यायला तयार नव्हते आणि इंदूरही त्यांच्या बाजूने झुकत होतं. इतर राजांनी समजूत घालून पाहिली, तरी होळकर मागेच. शेवटी अगदी अखेरच्या घटकेला विलीनीकरणाच्या कागदावर सही झाली. १९४२ चं पत्र लिहिणारा माणूस १९४७ ला असा का वागला, याचा मेळ घालणं अवघड जातं. राज्य जाणार हे दिसत असताना प्रत्येक राजाचे पाय थोडे जड झाले, त्यात हेही आले असं म्हणून पुढे जावं लागतं.

२८ मे १९४८ ला मध्य भारत संघ झाला. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. दोन मराठी घराणी पुन्हा एका राज्यात, पण या वेळी तलवारीऐवजी पगारपत्रकावर. होळकरांचा तनखा वर्षाला १५ लाख रुपये ठरला, शिंद्यांचा २५ लाख. ही व्यवस्था आठ वर्षं चालली. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली, मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विरघळला आणि उपराजप्रमुखपद संपलं. त्याच दिवशी आपल्या इथेही रेघ ओढली गेली. तोपर्यंत सौसर आणि पांढुर्ण्याची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर सौसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूखही. इंदूरचा होळकर आणि सौसरचा शेतकरी एका राज्याचे रहिवासी झाले ते त्या तारखेपासून. दोघांनाही कोणी फारसं विचारलं नव्हतं.

यशवंतराव त्यानंतर पाच वर्षं जगले. ५ डिसेंबर १९६१ ला मुंबईत त्यांचं निधन झालं, वय ५३. वारसाचा प्रश्न आला तेव्हा मुलाची आई परदेशी, म्हणून सरकारने उषाराजेंना वारस मानलं.

मग वस्तू पांगल्या. ती नारिंगी-काळी ड्यूसेनबर्ग अमेरिकेत परत गेली. जिथे चॅसी बनली त्या देशात आज जुन्या गाड्यांचे शौकीन तिला इंदूरच्या महाराजांची गाडी म्हणून ओळखतात, बॉडीवाल्या लंडनचं नाव त्यानंतर येतं. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात निघालं आणि खुर्च्या, पलंग, दिवे जगभर विखुरले. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने त्यातलं बरंच काही पुन्हा एका छताखाली मांडून यशवंतरावांवर प्रदर्शन भरवलं. मान रेचे फोटो त्यात होते, काळ्या आणि पांढऱ्या पोशाखातली ती दोन चित्रंही.

माणिकबाग इंदूरला आहे तिथेच आहे. वस्तू गेल्यावर वास्तू केंद्र सरकारच्या ताब्यात आली. तिथे केंद्रीय अबकारी आणि जीएसटी आयुक्तालयाचं ऑफिस भरतं.